हत्तीचा चारा

दसरा उलटला की आमच्या पिंपरी-चिंचवडकडे फराळाच्या आधी बोनसची चर्चा सुरू होते. कोणत्या कारखान्यात किती टक्के, कोणाचा करार झाला, कोणाचा अडला, हे भोसरीपासून चाकणपर्यंतच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर समजते. एके काळी हा पैसा सायकलीत जाई. पुढे तो बजाजच्या स्कूटरीत गेला, मग रंगीत टेलिव्हिजनात गेला. अलीकडे त्यातला बराचसा भाग आवाजात जाऊ लागला आहे. दोन खोल्यांच्या जागेत माणसाच्या छातीइतके उंच स्पीकर उभे आहेत आणि त्यांना वळसा घालून घरची बाई चहाचा ट्रे घेऊन येते आहे, असे देखावे मी स्वतः पाहिले आहेत.

आता या विषयाशी माझा काय संबंध, असे कोणी विचारील. मी कॉलेजात मराठी शिकवतो. संतवाङ्मय आणि भाषाशास्त्र हे माझे पेपर. परंतु वडिलांनी मागे ठेवलेल्या पाऊणशे तबकड्या वाजवता वाजवता मला या यंत्रांचा नाद लागला, आणि ज्याला एखाद्या गोष्टीचा नाद आहे त्याला लोक त्या गोष्टीतला जाणकार समजतात. त्यामुळे दिवाळी जवळ आली की, "सर, रिसीव्हर कोणता घ्यावा?" या प्रश्नाला मला जिन्यात, भाजीबाजारात, क्वचित स्टाफरूममध्येही तोंड द्यावे लागते. एरवी या सदरात दीड पानात सगळे आटोपावे लागते. दिवाळी अंकात संपादक हात जरा सैल सोडतात, तेव्हा यंदा हे प्रकरण सविस्तर लिहून टाकतो.

यंदाचा प्रश्न नानांच्या घरून आला. नाना आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहतात. वय अडुसष्ट. चौतीस वर्षे त्यांनी भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये काढली. भीमसेन जोशी म्हणजे त्यांचे दैवत. सवाई गंधर्व महोत्सव पुण्यात १९५३ पासून भरतो. नाना तरुणपणी पहिली पाळी करून संध्याकाळच्या लोकलने शिवाजीनगरला उतरत, रात्रभर मांडी घालून बसत आणि पहाटे परत येऊन पुन्हा पहिल्या पाळीला उभे राहत. त्यांचा मुलगा चाकणला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. त्याच्या वरच्या साहेबांची परदेशी बदली झाली, आणि त्यांनी आपली स्पीकरची जोडी त्याला पडत्या भावात दिली. उंच, जड, सागवानी रंगाची, देखणी जोडी. घरात टेलिव्हिजनला जोडलेला एक रिसीव्हर होताच. तारा जोडल्या, भीमसेनांचा अभंग लावला. हळू होता तोवर ठीक होते. नानांनी आवाज वाढवला मात्र, 'टक्' झाले आणि यंत्र बंद. पुन्हा चालू केले, पुन्हा 'टक्'. तिसऱ्यांदा तसेच झाल्यावर मुलगा बाजारात गेला. दुकानदाराने एका दमात सांगितले, "या स्पीकरला हजार वॉटचाच घ्या." किंमत सत्तर हजार.

मुलगा माझ्याकडे आला तो बोनस अधिक कर्ज अशी बेरीज करूनच. मी म्हटले, "अरे, एवढी घाई कशाला? पाडवा अजून बारा दिवसांवर आहे."

तो म्हणाला, "सर, माझ्या डिप्लोमाच्या फीसाठी नानांनी त्यांचा टेपरेकॉर्डर विकला होता. दोनशे कॅसेटी होत्या, त्या नुसत्या पडून राहिल्या. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण मला माहीत आहे."

यावर काही बोलण्यासारखे नव्हते. मी कागद-पेन्सिल घेतली.

रिसीव्हर हा शब्दच पाहा. घेणारा, स्वीकारणारा. मूळचा तो रेडिओचा शब्द. आकाशातून येणाऱ्या लहरी जो घेतो तो रिसीव्हर. रेडिओची घडण एका पेटीत, तिच्या आवाजाला बळ देणारा ॲम्प्लिफायर दुसऱ्या पेटीत, अशी पूर्वी हौशी लोकांच्या घरी मांडणी असे. अमेरिकेत सिडनी हार्मन आणि बर्नार्ड कार्डन या दोघांनी १९५३ मध्ये कंपनी काढली आणि १९५४ मध्ये 'फेस्टिव्हल डी-१०००' नावाच्या यंत्रात हे सारे एका पेटीत बसवले. उत्तम प्रतीचा आवाज देणारा पहिला रिसीव्हर म्हणून त्याचे नाव घेतात. गंमत अशी की त्या हार्मनचे नाव आज आमच्या चाकणच्या औद्योगिक वसाहतीत पाटीवर आहे. मोटारींतील ध्वनियंत्रणा वगैरे करणारा त्यांचा कारखाना तेथे २०१४ पासून आहे. २०१७ मध्ये ही कंपनी कोरियाच्या सॅमसंगने घेतली, आणि २०२५ मध्ये याच हार्मनने डेनॉन, मरांट्झ ही रिसीव्हरच्या दुनियेतली जुनी घराणीही आपल्या पदरात ओढली. म्हणजे बाजारात 'हा घेऊ की तो घेऊ' म्हणून आपण ज्या तीन-चार नावांत घोटाळतो, त्यांतली कित्येक नावे आता एकाच घरची आहेत. नावावरून भांडण्यात म्हणूनच फारसा अर्थ राहिलेला नाही. भांडायचे तर आकड्यांशी भांडावे.

त्यातला पहिला आकडा वॉटचा, आणि तोच सर्वांत लबाड. टेपरेकॉर्डरच्या दिवसांत खोक्यावर 'पीएमपीओ १००० वॉट' असे छापलेले असे आणि आत वीस वॉटचा ट्रान्सफॉर्मर असे, हे ज्यांना आठवते त्यांना अधिक सांगायला नको. आता पीएमपीओ मागे पडले, पण त्याची भावंडे जिवंत आहेत. एकच वाहिनी चालू ठेवून, एकच स्वर वाजवून आणि आवाज दहा टक्के विकृत होईपर्यंत ताणून मोजलेला आकडा मोठ्या अक्षरांत छापायचा. दोन वाहिन्या चालू ठेवून, २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत, विकृती एक टक्क्याच्याही खूप खाली ठेवून मोजलेला आकडा आतल्या पानावर बारीक अक्षरांत द्यायचा. पहिला १८५ असेल तर दुसरा १०० च्या आसपास असतो. अमेरिकेत या प्रकाराला इतका ऊत आला होता की तेथील सरकारी व्यापार आयोगाला १९७४ मध्ये नियम करावा लागला. किती ओहमवर, कोणत्या पट्टीत आणि किती विकृतीला मोजले हे सांगितल्याशिवाय वॉट सांगायचे नाहीत, असा तो नियम. आपण ग्राहकांनी तोच नियम तोंडपाठ करावा. दुकानदाराने वॉट म्हटले की आपण तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाला तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला तर समजून घ्यावे.

दुकानातला तो 'हजार वॉट'चा रिसीव्हर असाच सात वाहिन्यांची बेरीज करून हजारावर पोचलेला होता. सात वाटांना पाणी सोडायचे, पण विहीर एकच! या सातही ॲम्प्लिफायरना आतला एकच ट्रान्सफॉर्मर पोसतो. सगळ्यांनी एकदम तोंड उघडले की प्रत्येकाच्या वाट्याला पुस्तकातल्यापेक्षा कमीच येते. यंत्राच्या मागे, वीज किती घेते, हे सांगणारी छोटी पाटी असते. तिच्यावरचा आकडाही कसा मोजला यावर अवलंबून असतो, पण पेटीत खरा जीव किती, याचा अदमास येतो.

आता ओहमकडे येऊ, कारण नानांच्या घरचा खरा घोळ येथे होता. रोध, अडवणूक म्हणजे ओहम. स्पीकर विजेला जितका कमी अडवतो तितकी जास्त वीज त्याच्यातून वाहते, आणि ती पुरवायची जबाबदारी ॲम्प्लिफायरची. दाब २० व्होल्ट धरा. ८ ओहमच्या स्पीकरमधून अडीच अँपिअर प्रवाह वाहील. झाले ५० वॉट. स्पीकर ४ ओहमचा असेल तर त्याच दाबाला पाच अँपिअर, म्हणजे १०० वॉट. कागदावर हे फारच छान दिसते, अडवणूक निम्मी केली की शक्ती दुप्पट! पण ती दुप्पट शक्ती आणायची कोठून? वाड्यात पिठाची गिरणी सुरू झाली की शेजारच्या खोलीतला दिवा मंद व्हायचा, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. भरभक्कम ॲम्प्लिफायरला ४ ओहमवर जवळजवळ दुप्पट देता येते. सामान्य रिसीव्हर तापतो, आणि तो शहाणा असेल तर जळण्यापूर्वी स्वतःला बंद करून घेतो. नानांचे 'टक्' ते हेच. यंत्र बिघडले नव्हते. ते आपला जीव वाचवत होते.

त्यातही मेख अशी की स्पीकरवर लिहिलेला ओहमचा आकडा हा नुसता नाममात्र असतो. प्रत्येक स्वराला स्पीकरची अडवणूक वेगळी. केईएफ कंपनीचे एलएस-५० हे छोटे स्पीकर २०१२ मध्ये आले. त्यांच्या कागदावर ८ ओहम लिहिलेले आहे आणि शेजारीच, किमान ३.२, असेही प्रामाणिकपणे लिहिलेले आहे. नानांच्या जोडीच्या मागे ४ ओहम लिहिले होते. माहितीपत्रक शोधून काढले तेव्हा किमान ३.२ निघाले. जुन्या काळी ॲपोजी कंपनीचा सिंटिला नावाचा स्पीकर तर १ ओहमवर उतरे आणि भल्याभल्या ॲम्प्लिफायरांना रडवी. इंग्लंडच्या क्वाड कंपनीने १९५७ मध्ये विजेच्या दाबावर थरथरणाऱ्या पातळ पडद्याचा स्पीकर काढला. मनुष्याचा आवाज त्याच्यासारखा आजही थोडेच स्पीकर काढतात, परंतु त्याच्या लहरी सांभाळता सांभाळता ॲम्प्लिफायर मेटाकुटीला येई. त्याच जातीच्या पडद्याचे स्पीकर पुढे आपल्या पुण्यातही केडन्स या नावाने तयार झाले आणि परदेशी गेले, हे फार थोड्या पुणेकरांना ठाऊक आहे. असो. पुणेकरांना आपल्या गावातले बरेच काही बाहेरून कळते.

तिसरा आकडा संवेदनक्षमतेचा. ठरावीक २.८३ व्होल्ट दिले तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज होतो, तो आकडा. नानांच्या स्पीकरला ८६. हा आकडा तीनने खाली आला की तेवढ्याच आवाजाला दुप्पट शक्ती लागते. पॉल क्लिप्श या अमेरिकन इंजिनियराने १९४६ मध्ये केलेला कोपऱ्यात ठेवायचा कर्णा शंभराच्याही वर जातो. त्याला एका वॉटात घर हादरवता येते. आपल्याकडच्या जत्रेतले तमाशाचे कर्णे त्याच कुळीतले. उलट देखण्या पेटीतला, खोल खर्ज देणारा स्पीकर बहुधा ८४ ते ८७ च्या घरात. दारी हत्ती झुलतो तो हा. घेताना त्याची किंमत विचारतात, चाऱ्याचा हिशेब कोणी विचारत नाही.

मी नानांच्या खोलीचा हिशेब मांडला. खुर्ची स्पीकरपासून तीन मीटरवर. दोन स्पीकर, खोलीच्या भिंतींची थोडी मदत, अंतराची घट, असे सगळे धरून २.८३ व्होल्टला खुर्चीत साधारण ८३ डेसिबल पोचतात. घरात गाणे ऐकायला सरासरी ७५ पुष्कळ झाले. पण गाण्यात चढउतार असतात. तबल्याची एखादी थाप, तारसप्तकातली एखादी झेप सरासरीच्या वीस डेसिबल वर जाते. तेवढ्या क्षणापुरते, ८ ओहमच्या मापाने, सोळा वॉट लागतात. अवघे सोळा! मुलगा चक्रावला. "मग सर, शंभर वॉटचा रिसीव्हर बंद का पडतो?"

मी मोबाईलवरचे आवाज मोजण्याचे साधन नानांच्या खुर्चीपाशी धरले आणि नानांना म्हटले, "तुम्हाला हवा तितका आवाज लावा." काटा ८५ वर जाऊन थांबला आणि 'टक्' झाले.

दहा डेसिबल जास्त. डेसिबलच्या गणितात दहाने वाढ म्हणजे दसपट शक्ती. सोळाचे झाले एकशे साठ. म्हणजे सुमारे ३६ व्होल्ट. आणि अडवणूक ३.२ ओहमवर उतरलेली असेल त्या स्वराला अकरा अँपिअर, चारशे वॉट! बिचाऱ्या पेटीने काय करावे? मात्र आता माझ्या मनात दुसराच प्रश्न उभा राहिला. नानांना ८५ का लागतात?

मी त्यांना विचारले, "नाना, काय कमी पडतं?"

"आवाज येतो हो सर," नाना म्हणाले, "शब्द येत नाहीत. आणि तंबोरा गेला. पूर्वी भीमसेनांच्या मागे तंबोरा असा पसरलेला असायचा. आता नाही. म्हटलं स्पीकर बदलले की येईल."

हे ऐकताच वर्गात दरवर्षी फळ्यावर काढतो ती आकृती मला दिसू लागली. आपल्या भाषेत आवाजाचा सगळा दणका स्वरांत असतो, आ, ओ, ऊ यांत. आणि तो खालच्या पट्टीत असतो. शब्दाला शब्द करणारी जी व्यंजने, स, श, च, त, थ, त्यांच्यात शक्ती अगदी थोडी, आणि ती वरच्या पट्टीत, दोन हजार हर्ट्झच्या पुढे. ज्याच्या कानातली वरची पट्टी गेली त्याला 'सात', 'चाट' आणि 'हात' सारखेच ऐकू येतात. तंबोऱ्याची जवारी म्हणजे तरी काय? मूळ स्वरावर चढलेल्या वरच्या अंशस्वरांचा तो झगमगाट. कान बोथटले की पहिल्यांदा तोच विझतो.

आणि चौतीस वर्षे प्रेस शॉप! आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा घातलेली आहे. ९५ असेल तर चार तास, १०० असेल तर दोन. पत्र्यावर प्रेस पडते तेथे काय होत असेल, आणि नानांच्या तरुणपणी कानांत बोळे घालून काम करणाऱ्याला बरोबरचे लोक काय म्हणत असतील, याची कल्पना वाचकांनी करावी. अशा गोंगाटाने कान जातो तो एकदम जात नाही. चार हजार हर्ट्झच्या आसपास आधी खड्डा पडतो आणि मग तो दोन्ही बाजूंनी रुंदावतो. माणसाला वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही, कारण आवाज ऐकू येतच असतो. घरचे लोक पुटपुटतात, एवढेच त्याला वाटते.

मी मुलाला बाजूला घेऊन सांगितले की दुकानात जाण्याआधी कानाच्या डॉक्टरांकडे जा. त्याला ते आवडले नाही. वडिलांसाठी घ्यायला निघाला होता गाणे, आणि मी दाखवत होतो दवाखाना. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आलेख घेऊन आला. दोन्ही कानांत चार हजारावर खड्डा, बरोबर तेथेच. डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचवले होते. "नानांना आधीच माहीत होतं," तो म्हणाला. "बाहेर आल्यावर म्हणाले, प्रेसवरच्या आम्हा सगळ्यांचंच असं आहे. मला कधी सांगितलं नाही."

आता रिसीव्हरचा प्रश्न नव्याने मांडावा लागला. वरची पट्टी कानात कमी पडते, तर यंत्रात वाढवावी, हे कोणालाही सुचेल. पण बटण फिरवून दहा डेसिबल वाढवले म्हणजे त्या पट्टीपुरती दसपट शक्ती मागितली. दमछाक झालेल्या ॲम्प्लिफायरकडे ती मागितली की तो लहरींचे शेंडे कापू लागतो, आणि त्या कापलेल्या लहरींचा मार बसतो तो स्पीकरमधल्या सर्वांत नाजूक अवयवावर, तारस्वरांच्या छोट्या पडद्यावर. कमी ताकदीच्या यंत्राने मोठे स्पीकर जळतात, हे लोकांना खरे वाटत नाही, पण दुरुस्तीच्या दुकानात विचारा.

पहिला उपाय फुकटातला होता. मी खुर्ची उचलून दीड मीटरवर आणली. अंतर निम्मे झाले की आवाज सहा डेसिबलपर्यंत वाढतो. भिंतींचा हिस्सा धरून चार-पाच तरी वाढतोच. म्हणजे बाजारात ज्यासाठी तिप्पट ताकदीचे यंत्र घ्यावे लागले असते, ते चार पावलांत मिळाले. दुसरा उपाय खोलीचा. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, काचेची खिडकी. टाळी वाजवली तर खोलीच परत वाजवी. अशा खोलीत धड कानाच्या माणसालाही शब्द फुटका ऐकू येतो. खाली जाड सतरंजी घातली, खिडकीला दुहेरी पडदा लावला आणि समोरच्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट सरकवले. नानांच्या सूनबाईंनी जुन्या गोधड्यांचा गठ्ठा कोपऱ्यात रचून ठेवला. तिच्या मनात तो तात्पुरता होता, परंतु आवाजाला तो इतका मानवला की अजून हललेला नाही.

मग उरला तो यंत्राचा प्रश्न. तीन वाटा होत्या. पहिली, बाहेरचा ॲम्प्लिफायर जोडण्याची सोय असलेला, म्हणजे मागे 'प्री-आउट'ची छिद्रे असलेला चांगला रिसीव्हर घ्यायचा आणि पुढच्या दोन स्पीकरांचे ओझे एका वेगळ्या भक्कम ॲम्प्लिफायरवर टाकायचे. ज्याला सिनेमाही हवा आणि गाणेही हवे त्याला हीच वाट उत्तम, पण दोन पेट्यांचा खर्च. दुसरी, स्पीकरच विकून चढ्या संवेदनक्षमतेचे, ८ ओहमचे घ्यायचे. व्यवहाराच्या दृष्टीने हीच सर्वांत शहाणपणाची होती. परंतु नाना त्या सागवानी पेट्यांवरून हात फिरवत होते, तेव्हा मी ती तोंडाबाहेर काढली नाही. तिसरी वाट, केवळ दोन वाहिन्यांचा ॲम्प्लिफायर, ज्याच्या पुस्तकात ८ ओहमचा आणि ४ ओहमचा असे दोन्ही आकडे दिलेले आहेत आणि दुसरा पहिल्याच्या दीडपटीहून जास्त आहे. सात वाहिन्यांच्या भावात दोनच घ्यायच्या, पण दोन खऱ्या घ्यायच्या. ज्या पुस्तकात ४ ओहमचा आकडाच दिलेला नसतो, त्याचे मौन समजून घ्यावे.

एका दुकानात मला रिसीव्हरच्या मागची एक कळ दाखवण्यात आली. ती ४ ओहमकडे सरकवली की यंत्र कोणतेही स्पीकर पेलते, असे आश्वासन मिळाले. ही कळ म्हणजे आतला दाब कमी करण्याची युक्ती. दाब कमी झाला की यंत्र कमी तापते, हे खरे. पण शक्तीही कमी होते. पोते जड झाले म्हणून हमालाला अर्धपोटी ठेवण्यातला प्रकार.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण आता घरटी एक मुलगा अमेरिकेत असतो. तो आई-वडिलांसाठी तिकडून स्वस्तात मिळालेला रिसीव्हर सामानात घालून आणतो. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. यंत्राच्या मागे फक्त १२० लिहिले असेल तर ते सरळ भिंतीत लावू नये. मध्ये उतरता ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तोही यंत्राच्या भुकेला पुरेसा. मिक्सरसाठी आणलेल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवर हत्ती चालवला तर पुन्हा तेच 'टक्', किंवा त्याहून वाईट.

शेवटी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या बाजूला एका जुन्या यंत्रांच्या दुकानात एक दोन वाहिन्यांचा ॲम्प्लिफायर मिळाला. ८ ओहमवर शंभर, ४ ओहमवर एकशे सत्तर, वजन अठरा किलो. जुन्या पद्धतीच्या यंत्रात वजन म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आणि ट्रान्सफॉर्मर म्हणजे दम. आताच्या 'क्लास डी' जातीच्या हलक्या यंत्रांना हे माप लागू नाही. ती चार किलोतही पुष्कळ देतात. किंमत एकतीस हजार. अनामत ठेवून एक रात्र घरी आणून लावायला दुकानदार कबूल झाला, आणि माझ्या मते अशा वेळी हीच एक परीक्षा खरी. दुकानात दुकानदाराचे स्पीकर असतात, दुकानदाराची खोली असते आणि दुकानदाराची तबकडी असते.

तारेवरून पुन्हा थोडा वाद झाला. कोणीतरी मुलाला सांगितले होते की यासाठी परदेशी तार लागते, मीटरला दोन हजारांची. मी हिशेब दाखवला. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार, जाऊन-येऊन दहा मीटर. तिची अडवणूक भरते ओहमचा शंभरातला सातवा-आठवा हिस्सा. ३.२ पुढे ती काय! तशी तार करणाऱ्या फिनोलेक्सचे ठाणे आपल्या पिंपरीतच मुंबई-पुणे रस्त्यावर आहे. मुलगा कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानातून ती घेऊन आला.

रात्री साडेआठला लावले. टेलिव्हिजनच्या लाकडी कपाटात कोंडायचे नाही, वर वीतभर मोकळी जागा हवी, असे बजावून यंत्र उघड्या स्टुलावर ठेवले. आधी तबला लावला, बायाची घुमक ऐकण्यासाठी. मग भीमसेन. नाना दीड मीटरवर, हात मांडीवर. मी मोबाईल धरला होता. काटा ७९ वर होता. पाऊण तास गेला. 'टक्' झाले नाही. मी पेटीच्या पाठीवर हात ठेवून पाहिला, गरम होती, पण हात ठेवता येत होता.

मुलाने विचारले, "नाना, तंबोरा?"

नानांनी मान थोडी वाकडी करून ऐकले. "शब्द येतायत," ते म्हणाले. "तंबोरा नाही."

खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग मुलगा आत गेला आणि डॉक्टरांच्या फायलीतले श्रवणयंत्राचे पत्रक घेऊन आला. सत्तरांतून एकतीस गेले, उरले एकोणचाळीस. एवढ्यात एका कानाचे बसते, दोन्हींचे नाही, असे त्याने मला हळूच सांगितले. नाना ते ऐकत नव्हते, किंवा ऐकू आले तरी त्यांनी तसे दाखवले नाही. मी त्याला सांगितले की साधी श्रवणयंत्रे बोलण्यासाठी बांधलेली असतात, गाण्याचा चढउतार ती दाबून टाकतात. घेताना गाण्याची वेगळी जोडणी करता येते का हे विचार, घरी आठवडाभर वापरून पाहायला माग, आणि दोन्ही कानांची एकदम बसवता येत नसतील तर डॉक्टरांनाच विचार की आधी कोणता कान. त्याने ते सगळे पत्रकाच्या मागे लिहून घेतले.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली आहे. दोघांबरोबर मीही जाणार आहे. पेन ड्राइव्हवर नुसत्या तंबोऱ्याची दहा मिनिटे घेऊन ठेवली आहेत.